व्हायोलिनच्या जुन्या ध्वनिमुद्रिका: ऐकायच्या कशा, शोधायच्या कशा, जपायच्या कशा

जर्मन संगीतकार ब्राम्सने आपला व्हायोलिन कन्चेर्टो (व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची मोठी रचना) योसेफ योआखिम या व्हायोलिनवादक मित्राला अर्पण केला. १ जानेवारी १८७९ ला लाइप्झिगमध्ये तो योआखिमनेच पहिल्यांदा वाजवला. या योआखिमचं वादन आज कुणालाही मोबाइलवर फुकट ऐकता येतं. १९०३ च्या ऑगस्टमध्ये, बहात्तर वर्षांचा असताना, त्याने बर्लिनमध्ये ग्रामोफोन कंपनीच्या कर्ण्यासमोर (मुद्रणासाठी मायक्रोफोन तेव्हा नव्हता) उभं राहून तबकडीच्या पाच बाजू वाजवल्या: बाखच्या दोन रचना, ब्राम्सची दोन हंगेरियन नृत्यं आणि स्वतःचा एक रोमान्स. त्यांची मूळ तबकडी तुमच्या-माझ्या हाती लागण्याची शक्यता जवळपास नाही. वादन मात्र सगळ्यांचं झालं आहे.

याच्या नेमकं उलटंही घडतं. पन्नास-साठच्या दशकातल्या कितीतरी एलपी (जास्त वेळ चालणाऱ्या व्हिनाइलच्या तबकड्या) अशा आहेत की त्यांवरचं वादन पुढे सीडीवर आलं नाही, इंटरनेटवर कुणी चढवलं नाही आणि ती एलपी मात्र जुन्या बाजारात किरकोळ भावात पडून असते. म्हणजे वस्तू दुर्मीळ असणं वेगळं आणि वादन दुर्मीळ असणं वेगळं. हा फरक सुरुवातीलाच पक्का केला की खिशात हात कधी घालायचा हे आपोआप ठरतं. आधी कान तयार करा, मग वही घाला, मग फुकट मिळतं ते सगळं ऐकून संपवा आणि पैसे सगळ्यात शेवटी काढा. बहुतेक जण हा क्रम उलटा करतात आणि वर्षभरात कपाट भरून कंटाळतात.

हा लेख युरोपीय अभिजात परंपरेतल्या व्हायोलिनवादकांबद्दल आहे. पं. गजाननराव जोशी, श्रीधर पार्सेकर, पं. व्ही. जी. जोग किंवा पं. डी. के. दातार यांची मुद्रणं जमवणाऱ्यालाही यातलं बरंचसं उपयोगी पडेल. तिथे रचनेच्या जागी राग येईल आणि पियानिस्टच्या जागी तबलजी.

पहिली पायरी: एकच रचना, अनेक हात

मोठ्या वादकांची यादी पाठ करून रसिक होता येत नाही. एक छोटी रचना घ्या आणि ती वेगवेगळ्या वादकांकडून ऐका. माझी शिफारस बाखच्या जी मायनर सोनाटातल्या अडाजिओची, म्हणजे संथ भागाची. एकट्या व्हायोलिनची रचना, साथ नाही, लांबी साधारण चार मिनिटं, म्हणजे बारा इंची ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या) एका बाजूत बसणारी. म्हणूनच ध्वनिमुद्रणाच्या अगदी आरंभापासून ती सापडते.

योआखिमपासून सुरुवात करा. खरखरीमागे कान न्यायला दोन-तीनदा ऐकावं लागेल. त्यानंतर लक्षात येतं की स्वर जवळजवळ सरळ उभे आहेत, कंप, म्हणजे बोट हलवून स्वर थरथरवणं, अगदी मोजक्या ठिकाणी, एखाद्या स्वराला वजन द्यायचं असेल तेव्हाच. एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना बोट घसरत जातं. आपल्याकडच्या मींडेची सवय असलेल्या कानाला हे लगेच ओळखू येतं आणि आवडतंही. लय मात्र घड्याळी नाही, वाक्य संपताना ती थांबते.

यानंतर यास्का हायफेट्झचं १९३५ चं मुद्रण लावा. तीसच वर्षं गेली, पण दुनिया बदललेली आहे. कंप आता सतत चालू आहे, गजाचा जोर ताराभर सारखा आणि स्वर सुरीने कापल्यासारखे स्वच्छ. मग जॉर्ज एनेस्कू. हा प्रसिद्ध व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिनचा गुरू. त्याने बाखचे एकट्या व्हायोलिनसाठीचे सहाही सोनाटा-पार्तिता चाळीसच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत कॉन्टिनेन्टल या छोट्या लेबलसाठी वाजवले, तेव्हा त्याची तब्येत ढासळलेली होती. स्वर डगमगतात, गज कधी कधी ओरखडतो. तरी विचार ऐकायचा असेल तर माझ्या मते या सगळ्यात एनेस्कू पहिला. हे मत पहिल्या ऐकण्यात पटणार नाही आणि पटलं नाही तरी काही बिघडत नाही. शेवटी आर्थर ग्रुमियोचं १९६०-६१ चं फिलिप्सचं मुद्रण आणि नेथन मिल्स्टाइनचं १९७३ चं, म्हणजे तो सत्तरीच्या आसपास असतानाचं. दोन्ही सहज मिळतात आणि ध्वनीही उत्तम आहे.

असं पंधरा-वीस दिवस फक्त एवढंच ऐका. चार प्रश्न हाताशी ठेवा. कंप सतत आहे की निवडक? मींड कुठे आणि किती? तीन-चार तारांचा एकत्रित स्वरमेळ वादक एका झटक्यात घेतो की तोडून, खालून वर? आणि वाक्याच्या शेवटी गज उचलला जातो की ओढत नेला जातो? या चार प्रश्नांवर कान बसला की नाव झाकलेलं वादन ऐकूनही दशक ओळखता येऊ लागतं. बाजारात या कौशल्याचा फार उपयोग होतो, कारण लेबलं फसवतात.

दुसरी पायरी: कुंपण घालून घ्या

'सगळे महान व्हायोलिनवादक' हा संग्रहाचा विषय होऊ शकत नाही. एखादी रचना धरा, एखादा गुरू आणि त्याचे शिष्य धरा (लिओपोल्ड आउअरचे हायफेट्झ, एल्मन, झिंबालिस्ट, मिल्स्टाइन ही एक पिढीच पुरे), नाहीतर एकच वादक.

एकच वादक धरणार असाल तर नवख्याने जिनेट नव्हूपासून सुरुवात करावी असं मी आग्रहाने सांगेन. १९३५ मध्ये वॉर्सातल्या विएनियाव्स्की स्पर्धेत पंधरा वर्षांच्या या फ्रेंच मुलीने पहिला क्रमांक मिळवला. दुसरा आला तो डेव्हिड ऑइस्त्राख, तिच्याहून अकरा वर्षांनी मोठा. मग युद्ध आलं आणि ऐन उमेदीची वर्षं गेली. २८ ऑक्टोबर १९४९ ला अमेरिकेला जाणारं एअर फ्रान्सचं विमान अझोर्स बेटांवर कोसळलं. त्यात ती आणि तिच्याबरोबर पियानो वाजवणारा तिचा भाऊ झां, दोघेही गेले. तिचं वय तीस.

हे ऐकून हळहळ वाटते, पण संग्राहकाच्या दृष्टीने मुद्दा असा की तिचं मुद्रित काम थोडं आहे आणि पूर्ण जमवता येतं. युद्धापूर्वी बर्लिनमध्ये केलेल्या छोट्या रचना, नोव्हेंबर १९४५ चा लंडनमधला सिबेलियस कन्चेर्टो वॉल्टर सुस्किंडबरोबर, १९४६ चा ब्राम्स इसाय डोब्रोवेनबरोबर, शोसाँचं पोएम, राव्हेलचं त्सिगान, देब्यूसीचा सोनाटा, सुकच्या रचना आणि यांच्या जोडीला रेडिओसाठी वाजवलेले काही कार्यक्रम. यातला मे १९४८ चा हॅम्बर्गचा ब्राम्स, हान्स श्मिट-इसेरश्टेटबरोबरचा, स्टुडिओतल्या ब्राम्सशेजारी ठेवून ऐका. एकच वादक, एकच रचना, मध्ये दोन वर्षं. बंद स्टुडिओ आणि समोर बसलेले श्रोते यांत किती अंतर असतं ते एका संध्याकाळी कळतं.

रचना धरणार असाल तर सिबेलियसचा कन्चेर्टो चांगला. हायफेट्झने १९३४ मध्ये तो फिलाडेल्फियात स्टोकोव्स्कीबरोबर मुद्रित केला, पण बाजारात आला तो १९३५ चा लंडनमधला, सर थॉमस बीचमबरोबरचा. तिथून नव्हू, कॅमिला विक्स, इडा हेन्डल, ऑइस्त्राख, क्रिस्तियाँ फेरा अशी ओळ लावता येते.

तिसरी पायरी: वही

एक वही किंवा स्प्रेडशीट करा. रकाने असे: रचना, साथीदार किंवा संचालक, गाव, तारीख, मॅट्रिक्स नंबर, टेक, कॅटलॉग नंबर, पुढे कुठे-कुठे पुन्हा प्रसिद्ध झालं आणि आपल्याकडे ते कोणत्या रूपात आहे.

यातले दोन नंबर नीट समजून घ्या. लेबलवर ठळक छापलेला असतो तो कॅटलॉग नंबर, दुकानदाराच्या सोयीचा. मॅट्रिक्स नंबर हा त्या एका बाजूच्या मूळ मुद्रणाचा. लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात तो कोरलेला किंवा उठवलेला दिसतो. त्याच्या शेवटी येणारा आकडा किंवा अक्षर म्हणजे टेक, अर्थात कितव्या खेपेचं वादन. कंपन्यांनी कधी कधी तोच कॅटलॉग नंबर ठेवून आतला टेक बदलला. त्यामुळे वरून अगदी सारख्या दिसणाऱ्या दोन तबकड्यांवर दोन वेगळी वादनं असू शकतात. खरा शोध सुरू होतो तो इथे.

फ्रिट्झ क्रायस्लरचं उदाहरण घ्या. बीथोव्हनचा कन्चेर्टो त्याने १९२६ मध्ये बर्लिनला लिओ ब्लेखबरोबर वाजवला आणि १९३६ मध्ये लंडनला बार्बिरोलीबरोबर पुन्हा. ब्राम्स १९२७ आणि १९३६. त्याच्या छोट्या रचना तर १९२५ च्या आधी कर्ण्यासमोर आणि नंतर मायक्रोफोनसमोर अशा अनेकदा मुद्रित झाल्या. 'क्रायस्लर, बीथोव्हन' एवढ्या नोंदीला काही अर्थ नाही. संचालकाचं नाव आणि वर्ष लिहिल्याशिवाय ओळ पूर्ण धरू नका.

क्रायस्लरच्या जुन्या लेबलांवर आणखी एक गंमत सापडते. पुन्यानी, कुपरँ, फ्रान्कूर अशा जुन्या संगीतकारांच्या म्हणून तो ज्या छोट्या रचना वाजवायचा, त्या त्याच्या स्वतःच्याच होत्या. ही कबुली त्याने १९३५ मध्ये दिली. काही समीक्षक भलतेच चिडले, कारण तोवर त्यांनी 'पुन्यानी'ची तोंडभरून स्तुती केलेली होती. तुमच्या वहीत मात्र ही रचना क्रायस्लरच्याच नावावर जायला हवी.

माहितीसाठी अमेरिकन मुद्रणांची सर्वात भरवशाची जागा म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेने चालवलेली ऐतिहासिक अमेरिकन ध्वनिमुद्रणांची ऑनलाइन सूची. व्हिक्टर आणि कोलंबियाच्या मॅट्रिक्सनिहाय तारखा तिथे फुकट पाहता येतात. छापील ग्रंथांत जेम्स क्रायटन यांची १८८९ ते १९७१ पर्यंतच्या व्हायोलिन मुद्रणांची सूची, टोरोंटो विद्यापीठाने १९७४ मध्ये काढलेली, अजूनही टेबलावर ठेवण्यासारखी आहे. डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर लेबलांचे फोटो उत्तम, पण तारखा वापरणाऱ्यांनी भरलेल्या असतात. त्या पडताळूनच घ्या.

चौथी पायरी: फुकटचं आधी

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०११ मध्ये नॅशनल ज्यूकबॉक्स सुरू केलं. त्यावर व्हिक्टरची कर्णायुगातली हजारो मुद्रणं ऐकता येतात. मॉड पॉवेल ही अमेरिकन व्हायोलिनवादक तिथे जरूर ऐका. १९०४ पासून व्हिक्टरसाठी वाजवणारी ही बाई आज फारशी कुणाला आठवत नाही. क्रायस्लर आणि झिंबालिस्टने १९१५ मध्ये मिळून वाजवलेला बाखचा दुहेरी कन्चेर्टो त्याच काळातला. ऑर्केस्ट्रा कर्ण्यात मावत नसल्यामुळे साथीला फक्त चार तंतुवाद्यं आहेत. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं गॅलिका हे ऑनलाइन भांडार आणि इंटरनेट आर्काइव्ह या पुढच्या जागा.

इथे ट्रान्सफर हा शब्द कानावर पडेल. ७८ ची तबकडी वाजवून तिचं डिजिटल रूप करणं म्हणजे ट्रान्सफर आणि तो करणाऱ्याच्या हातात निम्मं वादन असतं. खरखर काढण्याच्या नादात वरचे स्वरतरंगही कापले की व्हायोलिनचा आवाज लोकरीत गुंडाळल्यासारखा येतो. मार्क ओबर्ट-थॉर्न आणि वॉर्ड मार्स्टन यांची कामं मी डोळे झाकून घेतो. नॅक्सॉसच्या ऐतिहासिक मालिकेत त्यांचे बरेच ट्रान्सफर स्वस्तात मिळतात. बिडल्फ हे लंडनचं लेबल तर व्हायोलिनलाच वाहिलेलं. पर्ल आणि सिम्पोझियमच्या जुन्या सीडी थोड्या खरखरीत वाटतील, पण त्यांत मूळचा आवाज शाबूत असतो. खरखरीची सवय आठवड्यात होते. कापून टाकलेला आवाज मात्र परत आणता येत नाही.

कायद्याचं थोडक्यात. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. मूळ रचनेचा हक्क वेगळा, तो संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. सिबेलियस १९५७ मध्ये गेला, त्यामुळे तो मोकळा झाला. इंग्लिश संगीतकार वॉल्टन १९८३ मध्ये गेला, म्हणून त्याचा कन्चेर्टो हायफेट्झने १९५० मध्ये वाजवलेला असला तरी रचना अजून हक्कात आहे. दुसऱ्या देशांचे नियम वेगळे. घरी ऐकण्याने काही होत नाही, पण यूट्यूबवर चढवण्याआधी एवढं बघून घ्या.

पाचवी पायरी: आता पैसे

इथपर्यंत आलात की तुमच्या वहीत काही ओळी रिकाम्या राहिलेल्या असतील. ही मुद्रणं आहेत, पण कुठेही ऐकायला मिळत नाहीत. पैसे या ओळींसाठी. याच्या उलट उदाहरण: योहाना मार्त्सीने १९५४-५५ मध्ये लंडनला वाजवलेल्या बाखच्या तीन मूळ एलपी, कोलंबिया ३३सीएक्स १२८६ ते १२८८, लिलावात हजारो पौंडांना जातात. तेच वादन सीडीवर आणि स्ट्रीमिंगवर आहे. ज्याला वस्तूचा शौक आहे त्याने जरूर घ्यावी, त्यात कमीपणा नाही. आपण वादन विकत घेत नसून वस्तू घेतो आहोत एवढं मनात स्पष्ट असलं की झालं.

मुंबईत चोरबाजारातली मटन स्ट्रीट आणि पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार ही नेहमीची ठिकाणं. पण पाश्चात्त्य अभिजात संगीत तिथे रोज येत नाही. ते येतं जुन्या घरांतून. मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, त्या काळापासून मुंबईच्या पारशी घरांत या संगीताचा कान होता. गोव्यात चर्चच्या शाळांत सॉल्फेज (स्वरांची नावं घेऊन गाणं) आणि व्हायोलिन शिकवलं जायचं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्व्हिस त्या परंपरेतले, ज्यांच्याकडे संगीतकार प्यारेलाल व्हायोलिन शिकले. अशा घरांची आवराआवर होते तेव्हा रेकॉर्डी भंगारात जाण्याआधी आपल्याला कळावं, यासाठी ओळखी ठेवाव्या लागतात. विक्रेत्याला 'व्हायोलिन आलं तर सांगा' असं म्हणू नका, तो सिनेमाच्या धुनांचा गठ्ठा पुढे करेल. वादकांची चार नावं मोठ्या अक्षरांत लिहून द्या.

भारतात मेन्युहिनच्या एलपी सहज दिसतात आणि त्याला कारण आहे. १९५२ मध्ये नेहरूंच्या निमंत्रणावरून तो इथे आला, दुष्काळनिधीसाठी वाजवला आणि मुंबईत पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांना भेटला. पुढे त्याने अय्यंगारांना दिलेल्या घड्याळावर 'माझ्या सर्वोत्तम व्हायोलिन शिक्षकास' अशा अर्थाचा मजकूर कोरलेला होता. रविशंकरांबरोबरच्या एलपीमुळे तर तो घराघरांत पोचला. पण साठ-सत्तरच्या दशकातला मेन्युहिन म्हणजे सगळा मेन्युहिन नव्हे. गजावरचा त्याचा ताबा तोवर डळमळू लागला होता. जुलै १९३२ मध्ये, सोळा वर्षांचा असताना, खुद्द एल्गरच्या संचालनाखाली त्याने एल्गरचा कन्चेर्टो वाजवला, तो ऐका. ते मुद्रण कुठेही मिळतं. पैसे टाकायचे तर युद्धापूर्वीच्या त्याच्या ७८ वर टाका.

सोव्हिएत एलपीही भारतात दिसतात. त्यांत ऑइस्त्राख आणि लिओनिद कोगन यांची अशी मुद्रणं निघतात जी पश्चिमेत नीट आलीच नाहीत. लेबल रशियन लिपीत असतं म्हणून लोक बाजूला टाकतात, तिथेच आपली संधी. मेलोदिया ही कंपनी १९६४ मध्ये झाली, म्हणजे ते नाव असलेली तबकडी त्याआधीची नाही. लेबलवर गोस्त ५२८९ असा मानकाचा आकडा आणि पुढे ६१, ६८, ७३ किंवा ८० असे दोन अंक असतात. ते मानकाचं वर्ष. तबकडी त्या वर्षाच्या आधी छापलेली असू शकत नाही. मुद्रण मात्र कितीही जुनं असू शकतं. रशियन अक्षरांतली आठ-दहा आडनावं ओळखायला शिका, एका दुपारचं काम आहे.

इंग्लिश एलपीचा गुळगुळीत पट्टा वाचायलाही शिका. ईएमआयच्या, म्हणजे एचएमव्ही आणि कोलंबियाच्या, तबकडीवर मॅट्रिक्स नंबर खाली धरला तर डावीकडे मदरचा (ज्या धातूच्या प्रतीवरून साचे बनतात तिचा) आकडा आणि उजवीकडे तबकडी छापणाऱ्या साच्याची अक्षरं असतात. या अक्षरांची किल्ली म्हणजे ग्रामोफोन लिमिटेडच्या संक्षेपातली दहा रोमन अक्षरं: जी म्हणजे १, आर २, ए ३, एम ४, ओ ५, पी ६, एच ७, एल ८, टी ९ आणि डी म्हणजे शून्य. 'जीए' दिसलं तर तेरावा साचा. डेक्काने हीच युक्ती बकिंगहॅम या नावावर केली, बी १ पासून शेवटच्या एम शून्यापर्यंत. साच्याचा आकडा जितका लहान, तितकी छपाई लवकरची. लवकरची छपाई चांगलीच वाजते असं नाही, पण किंमत त्यावर ठरते, म्हणून माहीत हवं.

हातात घेतल्यावर तिरक्या उजेडात बघा. वरवरचे केसासारखे ओरखडे फार त्रास देत नाहीत. खोबणीच पांढुरकी, राखाडी झाली असेल तर ती जड सुईने झिजवलेली आहे आणि व्हायोलिनसाठी ती बाद. ही झीज सगळ्यात आधी वरच्या ई तारेवर, मोठ्या आवाजात आणि बाजूच्या शेवटच्या मिनिटांत फाटल्यासारखी ऐकू येते. वाजवून बघायची सोय असेल तर सुई सुरुवातीला न ठेवता शेवटी ठेवा. दुसरी तपासणी लांब धरलेल्या स्वराची. मधलं भोक नेमकं केंद्रात नसेल तर स्वर दर फेरीला वर-खाली डुलतो. पियानोत खपून जातं, व्हायोलिनमध्ये असह्य होतं. ७८ असेल तर कडेवरून नख हलकेच फिरवा, केसभर तडाही बोटाला लागतो.

परदेशातून मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क मिळून रेकॉर्डच्या किमतीपेक्षा जास्त होऊ शकतात, आधी हिशेब करा. विक्रेत्याला तबकडी कव्हरच्या बाहेर, वेगळी ठेवून पाठवायला सांगा. आत ठेवली तर वाटेत हादऱ्यांनी ती कव्हरची शिवण फाडते.

सहावी पायरी: वाजवणं

७८ ला एलपीची सुई लावू नका. ७८ ची खोबण रुंद, तिला साधारण ७५ मायक्रॉनची सुई लागते. मोनो, म्हणजे एकाच ध्वनिमार्गाच्या, एलपीला २५ मायक्रॉनची. बारीक सुई ७८ च्या तळाशी घासत फिरते आणि फक्त खरखर वर आणते. मोनो एलपी मोनो कार्ट्रिजने (सुई बसवलेल्या भागाने) किंवा निदान मोनोचं बटण दाबून ऐका, अर्धा गोंगाट तिथेच मिटतो.

वेगाचं प्रकरण जास्त नाजूक. सुरुवातीच्या तबकड्या ७८ च्याच वेगाने मुद्रित झाल्या असं नाही, सत्तरपासून ऐंशीपर्यंत काहीही असू शकतं. साडेचार फेऱ्यांचा फरक म्हणजे जवळपास अर्धा स्वर. वेग चुकला की स्वर चढतो, कंप घाईचा होतो आणि आपण वादकाला उतावळा ठरवतो. इथे व्हायोलिनच मदतीला येतं. त्याच्या खुल्या तारा जी, डी, ए, ई अशा ठरलेल्या आणि खुल्या तारेचा स्वर कंपाविना, मोकळा घुमतो. बाखच्या त्या अडाजिओचा पहिलाच स्वरमेळ घ्या: त्यातले खालचे दोन स्वर खुल्या जी आणि डी तारांवरचे. ते जीच्या आसपास येईपर्यंत वेग कमी-जास्त करा. जुन्या काळी स्वराची उंची आजच्याहून थोडी वेगळी असायची, त्यामुळे शेवटची बारीक जुळणी अंदाजाने. मोबाइलवरचा ट्यूनर पुरतो.

सातवी पायरी: कोकणातला पाऊस आणि कपाट

जुनी ७८ लाखेची असते आणि त्या काळी जगभरच्या रेकॉर्ड कारखान्यांना लाख मुख्यतः भारतातून जायची. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. म्हणून ७८ ला स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल कधीही लावायचं नाही. ऊर्ध्वपातित पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश, लेबल कोरडं आणि पुसून लगेच उभं करून वाळवणं. व्हिनाइलला आयसोप्रोपिलचं पातळ मिश्रण चालतं.

पावसाळ्यात कव्हरवर बुरशी येते, तिथून ती खोबणीत उतरते. बाहेरच्या भिंतीला लागून कपाट नको. आत सिलिका जेल, आतली पाकिटं साध्या पॉलिथिनची, आणि पीव्हीसीची पाकिटं मिळाली तर काढून टाका, ती व्हिनाइलवर डाग सोडतात. तबकड्या उभ्या ठेवा, एकमेकींना टेकलेल्या पण दाबलेल्या नाहीत. आडवी थप्पी लावलीत तर खालच्या ७८ तडकणार आणि एलपी वाकणार. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत एलपी अर्धा तासही ठेवू नका.

आठवी पायरी: डिजिटल करणं आणि पुढे देणं

दुर्मीळ वादन हाती आलं की पहिल्याच आठवड्यात डिजिटल करा. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल, कोणतंही फिल्टर न लावता. हीच मूळ प्रत. साफसफाईचे प्रयोग तिच्या नकलेवर. सोबत दोन्ही लेबलांचे आणि गुळगुळीत पट्ट्याचे फोटो. फाइलच्या नावात वादक, रचना, वर्ष, मॅट्रिक्स. एक प्रत घरी आणि एक घराबाहेर ठेवा.

बाजूच्या सुरुवातीचे आणि शेवटचे काही सेकंद कापू नका, तिथे काय असेल सांगता येत नाही. १९०४ मध्ये पाब्लो द सारासातेने स्वतःची त्सिगॉयनरवाइझन ही रचना मुद्रित केली, तेव्हा मध्येच तो बोलला आणि ते तबकडीत उमटलं. एखाद्या हुशार सॉफ्टवेअरने ते गोंगाट समजून पुसून टाकलं असतं.

मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था आहे. तिचा भर भारतीय संगीतावर असला तरी लेबलं, सुया, जतन यांबद्दल अनुभवी माणसं तिथे भेटतात. त्यांच्याशी बोलताना वही बरोबर न्या. आणि त्याच वहीच्या पहिल्या पानावर, आपल्यामागे या रेकॉर्डी कुणाला द्यायच्या, त्यातल्या कोणत्या दहा खरोखर कुठेही ऐकायला मिळत नाहीत, आणि त्यांच्या फाइली कोणत्या डिस्कवर आहेत, हे घरच्यांना वाचता येईल अशा अक्षरात लिहून ठेवा.